रानफुलांचे जन्मदाखले

पावसाळा लागला की आमच्या घरातली रद्दी विकली जात नाही. ती रानातल्या पानाफुलांसाठी राखीव असते! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करताना मला हर्बेरियमचा नाद लागला. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं ग्रंथालयच. कपाटांत पुस्तकांऐवजी साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचे जाड कागद आणि प्रत्येकावर चिकटवलेली एकेक वनस्पती. आता मी तालुक्याच्या गावी शिकवते आणि सुटीच्या दिवशी विद्यापीठासाठी नमुने गोळा करते.

‘‘एवढं शिकून गवत कसलं गोळा करतेस गं?’’ शेजारच्या काकू विचारतात.

काम तसं साधं. फुलं-फळं असलेली फांदी घ्यायची, रोप लहान असेल तर मुळासकट. कागदाच्या घडीत पसरताना एखादं पान उलटं ठेवायचं, म्हणजे मागची बाजूही दिसते. मग वर वजन. कागद रोज बदलायचे, श्रावणात तर दोनदा. नाहीतर बुरशी आलीच. पण कुरडया-पापड वाळवणाऱ्या आपल्याला वाळवणाचं काय कौतुक!

खरं काम चिठ्ठीचं. गाव, तारीख, खडकावर होती की ओढ्याकाठी, फुलाचा रंग (तो वाळल्यावर उडतो), गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर तो नुसता पाचोळा. असेल तर जन्मदाखला. उद्या त्या माळावर खाण झाली, प्लॉट पडले, तरी अमुक साली इथं हे फूल उमलत होतं, याचा पुरावा राहतो. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. जुन्या नोंदींचा माग काढत अभ्यासक आजही डोंगर पालथे घालतात.

चिठ्ठीत ‘स्थानिक नाव आणि उपयोग’ असाही रकाना असतो. तो पुस्तकातून भरता येत नाही. तो भरतात शेळ्या चारणाऱ्या मावशी आणि बाजारात रानभाज्यांचे वाटे मांडणाऱ्या आज्ज्या. आमचा टाकळा विदर्भात तरोटा होतो, म्हणून ‘सेन्ना टोरा’ हे शास्त्रीय नाव लागतंच. पण तो किती कोवळा खुडायचा, हे त्या नावात कुठं असतं? डोंगरावरच्या एक आज्जी मला म्हणाल्या होत्या, ‘‘लिवून घे बाई. आमच्या सुना इचारत न्हाईत.’’ आज त्या नाहीत. त्यांनी सांगितलेली नावं माझ्या सात चिठ्ठ्यांवर आहेत.

एक पथ्य मात्र कडक. दुर्मीळ रोप उपटायचं नाही. खर्चुडीचे कंद लोक खाण्यासाठी उकरतात, म्हणून ती दिसली की फक्त फोटो आणि नोंद. राखीव जंगलात तर वनखात्याची परवानगी हवीच.

मैत्रिणींनो, तुम्हाला हर्बेरियम करायला नाही सांगत मी. पण यंदा सासूबाई किंवा आई रानभाजी निवडायला बसल्या की शेजारी वही घेऊन बसा. भाजीचं नाव, कुठं उगवते, कोणत्या महिन्यात येते, कशी शिजवायची, सगळं विचारून लिहा. आणि खाली सांगणारीचं नाव लिहायला विसरू नका.