शब्दांचा सातबारा

मंडळी, सातबारा काही आपल्याला नवा नाही. नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते, नमुना बारामध्ये त्या साली पीक कोणते होते ते. मालक बदलो, पीक बदलो, त्या जमिनीची ओळख गट क्रमांकाने पटते. एकाच खातेदाराची सगळी जमीन पाहायची, तर आठ-अ काढायचा. आता कल्पना करा, कोणी हे सारे एकाच रकान्यात कोंबले : ‘गणपत ज्वारी चौऱ्याऐंशी.’ गावच्या माणसाला यातून काही उमजेलही. पण परगावच्याने काय समजायचे? चौऱ्याऐंशी हा गट, की पोती, की गणपतचे वय?

संगणक हा असाच परगावचा माणूस आहे. हल्ली फोनवर बोलून प्रश्न विचारता येतो. समजा, एका शेतकऱ्याने विचारले, “माळावर काय पेरू?” यंत्राजवळ नुसती अक्षरांची यादी असेल, तर ते फुलांची माळ आणि पेरूचे फळ पुढे करील! हसू येते खरे. पण प्रश्न पेरणीचा आहे, आणि पेरणी काही थांबत नाही.

घोटाळा कुठे होतो, ते पाहू. माळावर गुरे चरतात. माळेत मणी ओवतात. आणि आई लेकीला म्हणते, “गजरा माळ.” अक्षरे तीच. पण पहिला माळ पुल्लिंगी, त्याचे सामान्यरूप ‘माळा’. दुसरी माळ स्त्रीलिंगी, तिचे ‘माळे’. तिसरे तर क्रियापदच. (घरातल्या माळ्याची भर यात घालीत नाही, नाहीतर भाषण तिथेच चढून बसेल.) तेव्हा लिंग हे अक्षरांच्या नावावर चढवून चालत नाही, ते शब्दाच्या खात्यावर चढवायचे. ‘माळावर’ हे रूप, ‘माळ’ हा शब्द, उंचवट्याची मोकळी जमीन हा अर्थ, असे तीन नमुने वेगळे ठेवायचे आणि त्यांना जोडणाऱ्या नात्यांनाही नावे द्यायची : हे रूप अमुक शब्दाचे, या शब्दाचा हा अर्थ.

अशा काटेकोर आखणीला जाणकार ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. नाव तत्त्वज्ञानातले आहे : जगात काय काय आहे, आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय, याचा विचार. आपल्या वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म असे ‘पदार्थ’ सांगितले, तोही याच जातीचा उद्योग. शब्दांच्या खात्यांसाठी ‘ऑन्टोलेक्स-लेमन’ नावाची एक आखणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही शब्द, रूप आणि अर्थ यांना वेगवेगळी जागा आहे.

नात्याला नाव का हवे? ‘गाय हा प्राणी’ आणि ‘शिंग हा गाईचा भाग’ ही दोन नाती वेगळी आहेत. प्राणी सजीव असतो असे एकदा नोंदले, की गाय सजीव हे यंत्र आपले आपण काढते. पण दोन्ही नाती एकाच दोरीने बांधली, तर उद्या ते शिंगालाही प्राणी म्हणेल.

आता गुरुजींच्या जिव्हाळ्याचा विषय. ‘गाईला बांधले’ आणि ‘गाईला चारा दिला’. शाळेत आपण पहिलीला द्वितीया म्हणतो, दुसरीला चतुर्थी. एखादा चौकस मुलगा विचारतो, “गुरुजी, दोन्हीकडे ‘ला’च की! मग नावे दोन का?” त्याला गप्प बसवू नका, त्याने वर्मावर बोट ठेवले आहे. ‘ला’ हे रूप झाले. बांधले जाणे किंवा चारा मिळणे हे त्या रूपाचे वाक्यातले काम. एका रूपाची कामे अनेक. ‘मला भूक लागली’ यात तर कोणी कोणाला काही देत नाही, बांधतही नाही! माझ्या मते, रूपाचा रकाना आणि कामाचा रकाना वेगळा केला, की निम्मा वाद तिथेच मिटतो.

हाच पेच जगभर आहे. एका अभ्यासकाने ज्याला एक नाव दिले, त्यालाच दुसरा दुसरे देतो. मग दोघांच्या नोंदी एकत्र वाचता येत नाहीत. म्हणून अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या स्कॉट फॅरार आणि टेरी लँगेंडोन यांनी २००३ साली ‘गोल्ड’ नावाची आखणी मांडली. कोणी कोणतेही नाव वापरो, ते एका सामाईक कल्पनेला जोडावे, अशी तिची योजना. तिच्यामागे कळकळ होती ती लोप पावत चाललेल्या भाषांची. बोलणारा गेला आणि नोंद वाचता आली नाही, तर उरले काय?

आपल्या बोलींनाही हे लागू आहे. पुण्याकडे ‘मुलगी’, वऱ्हाडात ‘पोट्टी’, मालवणकडे ‘चेडू’. वहीत ‘शुद्ध शब्द’ असा एकच रकाना आखला, तर बाकीचे दोन बाहेर पडले, किंवा ‘अशुद्ध’ म्हणून कोपऱ्यात गेले. अर्थाचे खाते एक ठेवून तिन्ही शब्द त्याला जोडले, तर तिघांची जागा कायम. शिवाय मुलगी स्त्रीलिंगी, पोट्टी स्त्रीलिंगी, पण चेडू नपुंसकलिंगी! पोर तीच, लिंग मात्र ज्या-त्या शब्दाचे.

तेव्हा शाळेत मुलांकडून गावचे शब्द टिपून घ्याल, तेव्हा नुसता शब्द आणि त्यापुढे पुस्तकी अर्थ एवढ्यावर थांबू नका. शब्द तो, ती की ते. ‘ला’ लावल्यावर कसा होतो. कोणत्या गावी ऐकला. आणि आजी तो ज्या वाक्यात बोलली, ते वाक्य जसेच्या तसे लिहा. अर्थ शेवटच्या रकान्यात, आणि तोही आजीलाच विचारून.