कार्पेट क्लीनिंगची व्हॅन घेताय? आधी दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा



आपल्या मंडळात बरेच जण मला "कार्पेटवाले काका" म्हणूनच ओळखतात. गणपतीच्या जेवणात हॉलच्या कार्पेटवर वरण सांडलं की पहिली हाक मलाच! न्यू जर्सीत वीस वर्षं हा व्यवसाय करतो आहे, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांची नोकरी गेली हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता कार्पेट क्लीनिंगची जुनी व्हॅन बघितली आहे, घरावर कर्ज काढून घ्यायची म्हणताहेत. तुम्ही एकदा बघून या हो." मी गेलो. तिथे जे बघितलं, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. पन्नाशीत नोकरी गेल्यावर स्वतःचं काही करावं असं वाटणारे आपल्यात आणखीही असतील.

ट्रकमाउंट म्हणजे काय?

व्हॅनमध्ये बसवलेल्या मशीनला ट्रकमाउंट म्हणतात. इंजिनावर दोन गोष्टी चालतात: पाणी दाबाने पाठवणारा पंप आणि ते परत ओढून घेणारा ब्लोअर. इंजिनाची आणि धुराची उष्णता वापरून पाणी तापवलं जातं. गरम पाणी पाव इंची होजमधून घरात जातं, आणि मळलेलं पाणी दोन इंची होजमधून व्हॅनमधल्या वेस्ट टँकमध्ये येतं. लोक याला "स्टीम क्लीनिंग" म्हणतात, पण खरं तर वाफ नसते, गरम पाणीच असतं.

विकणारा माणूस नेहमी पाणी किती गरम होतं ते दाखवतो. तुम्ही ब्लोअर बघा. ओढ कमी असेल तर पाणी कार्पेटमध्येच राहतं, दोन दिवस वाळत नाही, वास येतो, आणि गिऱ्हाईक परत बोलावत नाही. म्हणून चाचणी घेताना दीडशे फूट होज पूर्ण उलगडून मगच ओढ तपासा. दहा फुटांवर सगळीच मशिनं छान ओढतात!

मशीन कुठलं?

मुख्य प्रकार दोन. "स्लाइड-इन" मशीनला स्वतःचं इंजिन असतं. जागा खातं, आवाज करतं, पण व्हॅन म्हातारी झाली तर उचलून दुसऱ्या व्हॅनमध्ये बसवता येतं. "डायरेक्ट ड्राइव्ह" मशीन व्हॅनच्याच इंजिनावर चालतं. जागा आणि वजन वाचतं, पण व्हॅन गॅरेजमध्ये गेली की धंदाही गॅरेजमध्ये! शिवाय अशी व्हॅन ड्राइव्हवेत उभी राहून तासन् तास चालते आणि ते तास ओडोमीटरवर दिसत नाहीत. जुनी घेताना मैलांबरोबर तासांचा मीटरही बघा. एकाच व्हॅनवर सुरुवात करणाऱ्याला मी स्लाइड-इनच सुचवतो.

वजनाचा हिशेब

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. त्या व्हॅनच्या लेबलवर २,९०० पौंड होतं. आम्ही तिथेच बॉनेटवर कागद ठेवून बेरीज केली. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, हे लक्षात ठेवा.

- मशीन: ८०० पौंड
- १०० गॅलन ताजं पाणी: ८३४ पौंड
- वेस्ट टँकमधलं १०० गॅलन मळकं पाणी: ८३४ पौंड
- रिकाम्या टाक्या, रील्स आणि होज: ४०० पौंड
- केमिकल्स आणि अवजारं: ३०० पौंड
- दोन माणसं: ३५० पौंड

एकूण ३,५१८ पौंड! म्हणजे मर्यादेपेक्षा ६१८ पौंड, सुमारे २८० किलो जास्त. यावर विकणारा म्हणाला, "दोन्ही टाक्या एकदम कधी भरतात?" भरतात. पहिलं काम संपतं, वेस्ट टँक रिकामा करायला वेळ नसतो, आणि पुढच्या कामासाठी ताजं पाणी भरून घेतलेलं असतं. अशा व्हॅनचा ब्रेक उशिरा लागतो, टायर तापतात. प्रत्येक कामानंतर मळकं पाणी काढलं तर बेरीज २,६८४ वर येते आणि व्हॅन मर्यादेत राहते. ही शिस्त जमत नसेल तर छोटी टाकी घ्या. ६५ गॅलन पाणी ५४२ पौंडांतच बसतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे दिसली. मशीन नुसतं प्लायवूडला स्क्रूने बसवलेलं होतं. धडक बसली तर ८०० पौंडांचं ते धूड सरळ ड्रायव्हरच्या पाठीवर येणार. मशीन आणि टाक्या व्हॅनच्या पत्र्यातून आरपार बोल्टने, खाली पोलादी प्लेट देऊन बसवायला हव्यात. भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत ते बघायचं. पुढच्या सीटमागे लोखंडी पार्टिशन हवंच.

व्हॅनची मांडणी

आपल्याकडे ओट्याजवळ काय आणि माळ्यावर काय हे जसं ठरलेलं असतं, तसंच इथेही. जड वस्तू खाली, मागच्या ॲक्सलच्या आसपास, आणि डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं. पाण्याच्या टाकीत आडव्या भिंती असाव्यात, नाहीतर वळणावर पाणी हिंदकळून व्हॅन कलते.

होज रील मागच्या दाराशी, कारण घरात पहिली तीच जाते. वाँड भिंतीवर क्लॅम्पमध्ये. डागांच्या छोट्या बाटल्या बाजूच्या दाराशी, एका क्रेटमध्ये उभ्या, मिसळणाच्या डब्यासारख्या: प्रत्येकीची जागा ठरलेली आणि प्रत्येकीवर नाव. ब्लीच आणि ॲसिड कधीही शेजारी ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट एका फाइलमध्ये व्हॅनमध्येच ठेवा.

धूर, थंडी आणि मळकं पाणी

मशीन चालू असताना व्हॅनचे दरवाजे उघडे हवेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत दार लावून आत बसण्याचा मोह होतो. तो टाळा. धुराचं तोंड गिऱ्हाइकाच्या उघड्या दाराकडे किंवा खिडकीकडे नको. होज आत नेण्यासाठी दार किलकिलं असतंच, हे विसरू नका. बॅटरीवरचा अलार्म फार महाग नसतो, तो व्हॅनमध्ये लावा.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी व्हॅन रात्रभर बाहेर ठेवली. सकाळी पंप फुटलेला! बर्फ झालेलं पाणी फुगतं आणि धातू फोडतं. गरम गॅरेज नसेल तर रात्री मशीनमधून आर.व्ही.साठी मिळणारं अँटीफ्रीझ फिरवून ठेवा.

आणि मळकं पाणी रस्त्याकडेच्या गटारात मुळीच ओतायचं नाही. ते पाणी शुद्ध न होता थेट ओढ्या-नद्यांत जातं आणि त्याबद्दल दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन ते त्याच्या सांडपाण्याच्या लाइनमध्ये सोडा. आपल्या गावाचा नियम टाउनशिपला विचारून घ्या.

जाता जाता हळदीबद्दल

हा भाग सगळ्यांसाठी. कार्पेटवर हळदीचा डाग असेल तर क्लीनरला काम सुरू करण्याआधी सांगा. नेहमीचे बरेच प्री-स्प्रे अल्कधर्मी असतात आणि त्यांनी हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच रसायन! घाबरू नका. सौम्य आम्लाने लाली उतरते, आणि उरलेला पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने फिका होतो. लोकरीच्या गालिच्यावर मात्र घरी प्रयोग करू नका.

शेवटी काय झालं?

ती व्हॅन त्यांनी घेतली नाही. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच फोन करून म्हणाले, "चार दिवस तुमच्याबरोबर कामाला येऊ का?" चाराचे चाळीस दिवस झाले. त्यांनी आय.आय.सी.आर.सी.चा कार्पेट क्लीनिंगचा कोर्स केला, व्यवसायाचा वेगळा वाहन विमा काढला, आणि वसंतात छोट्या टाकीची, नीट बोल्ट केलेली व्हॅन घेतली. घर गहाण न टाकता. बाटल्यांचा क्रेट वहिनींनी लावून दिला आहे, माझ्यापेक्षा नीट!

कोणाला अशी व्हॅन बघायला जायचं असेल तर पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. फी एक कप चहा, आलं घालून.

लोभ असावा.

आपला,
कार्पेटवाले काका