तहाबाहेरची फौज

तहनामा लिहिताना उभयपक्षांचे वकील मुलूख, किल्ले, खंडणी आणि थकबाकी यांची कलमे मोठ्या दक्षतेने घालतात. परंतु ज्यांचा रोजमुरा कोणत्याच दफ्तरात नोंदलेला नसतो आणि ज्यांची चूल दंग्याधोप्यावरच पेटते, अशा हत्यारबंद माणसांनी उद्या काय खावे, याचे कलम त्यात सहसा आढळत नाही. या उणिवेची झळ पेशवाईच्या अखेरच्या काळात पुणे शहरास जितकी लागली, तितकी फार थोड्या राजधान्यांस लागली असेल.

दौलतराव शिंद्यांच्या लष्कराच्या बळावर दुसऱ्या बाजीरावास मसनद मिळाली. मात्र मोबदल्याची कबूल केलेली रक्कम खजिन्यातून निघेना, आणि चुकती झाल्यावाचून लष्कर हालेना. तेव्हा खुद्द पेशव्यांच्या संमतीने ती शहरातून वसूल करण्याचे काम १७९८ साली शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्याकडे गेले. त्यांच्या माणसांनी सावकार आणि मुत्सद्दी यांना वाड्यांतून ओढून काढले. पैसा काढण्यासाठी माणसाला तापलेल्या तोफेस बांधण्यापर्यंत मजल गेली. धन्याच्याच अनुमतीने त्याची राजधानी लुटली जावी, यापरते अराजक ते कोणते?

पेंढाऱ्यांची रीत याच जातीची, पण अधिक मुरलेली होती. शिंदेशाही आणि होळकरशाही असे त्यांचे दोन तट. पगार कोणाचाच नाही, उलट लुटीतला वाटा सरदारासच पोहोचवावयाचा. अशा माणसास तहाची वार्ता म्हणजे उपासाची वार्ता, हे उघड आहे.

तथापि या व्याधीचे खरे निदान व्हावयास १८१५ ते १८१७ या दोन वर्षांचा पुण्याचा इतिहास पाहावा. पेशवे आणि बडोद्याचे गायकवाड यांच्यातील जुन्या देण्याघेण्याचा निकाल लावण्यासाठी गायकवाडांचे मुत्सद्दी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनी सरकारच्या अभयावर पुण्यास आले होते. वाटाघाट रेंगाळली आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. बाजीरावास खुनाची पूर्वकल्पना होती की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. कंपनीच्या आग्रहामुळे त्रिंबकजींना तिच्या हवाली करावे लागले, पण सप्टेंबर १८१६ मध्ये ते ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले.

पुढील घटनाक्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. महादेवाच्या डोंगरात, नातेपुत्याच्या बाजूस, स्वार आणि प्यादे जमू लागल्याच्या खबरा संगमावरील बंगल्यात रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी दरबारास विचारणा केली; दरबाराने कानांवर हात ठेवले. अखेर बंडवाल्यांच्या पारिपत्यासाठी पेशव्यांची फौज रवाना झाली, आणि त्या मुलखात जाऊन तिने उलट खबर दिली, की बंडवाला म्हणून कोणी दृष्टीसच पडत नाही! या कसबाचे तात्पर्य कोणाच्याही लक्षात यावे. जमाव फळला तर लाभ आपला आणि फसला तर आपण नामानिराळे, असा हा बेत असतो; पण ज्याच्याशी तह करावयाचा तो समोरचा पक्ष त्यामुळे सहीवरचा विश्वासच गमावून बसतो. शिवाय सबळ शत्रूस आयतेच निमित्त मिळते. कंपनी काही न्यायाची पुतळी नव्हती. तिला निमित्तच हवे होते. मे १८१७ मध्ये त्रिंबकजींना महिन्याच्या आत हवाली करण्याची आणि तोवर सिंहगड, पुरंदर व रायगड तारण देण्याची मागणी झाली, शहरास वेढा पडला, आणि १३ जूनच्या पुणे तहाने पेशव्यांनी मराठा मंडळाचे आधिपत्यही सोडले. ज्या थकबाकीपायी शास्त्रीबुवांचा प्राण गेला, तिचा निकाल सालीना चार लाखांवर लागला. पाच महिन्यांनी खडकीची लढाई झाली आणि वर्षाच्या आत पेशवाई बुडाली.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ साली समझोता झाला, तरी सशस्त्र संघटनांची हत्यारे आणि त्यांच्या आश्रयाने चालणारी गुन्हेगारी यांवर गाडे वारंवार अडत राहिले. डिसेंबर २००४ मध्ये बेलफास्टच्या नॉर्दर्न बँकेतून २ कोटी ६५ लाख पौंड लुटले गेले. पोलिसांनी आयरिश रिपब्लिकन आर्मीकडे बोट दाखविले, तिने इन्कार केला, आणि चाललेली बोलणी थिजली. जुलै २००५ मध्ये त्या संघटनेने सशस्त्र लढा संपविल्याचे जाहीर केले, सप्टेंबरात तिची शस्त्रे निकालात निघाली, तेव्हा कोठे २००७ च्या मे महिन्यात परस्परविरोधी पक्ष एका मंत्रिमंडळात बसले.

अशा फौजांची विल्हेवाट लागते कशी? केवळ फासाने ती क्वचितच लागली आहे. पेंढाऱ्यांवर चाल करताना लॉर्ड हेस्टिंग्जने लाखावर फौज उभी केली खरी, पण शरण आलेल्या करीमखान या त्यांच्या पुढाऱ्यास गोरखपूरकडे जमीन देऊन बसविले. त्यांचा दुसरा पुढारी चितू मात्र शेवटपर्यंत रानोमाळ हिंडला आणि असीरगडानजीक वाघाच्या तोंडी पडला. होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या, जातीने पेंढारी नसलेल्या पण त्यांच्या जिवावर गब्बर झालेल्या अमीरखान पठाणाशी तर नोव्हेंबर १८१७ मध्ये रीतसर तहच झाला. लष्कर मोडावे, तोफा विकाव्यात आणि मुलूख सांभाळावा, या अटी त्याने पत्करल्या. लुटारूंचा हा सरदार टोंकचा नवाब झाला, आणि त्याच्या वंशजांचे ते संस्थान १९४८ साली राजस्थानात विलीन होईपर्यंत टिकले.