वेरूळच्या कड्यावर क्लाइंबिंग का करता येत नाही? आणि सह्याद्रीतल्या कातळांसाठी पैसा कुठून येतो?

पावसाळा लागला की वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याजवळचा धबधबा इन्स्टाग्रामवर वाहायला लागतो. काळाकभिन्न उभा कातळ, वरून कोसळणारं पाणी. रॉक क्लाइंबिंग करणाऱ्याला हा कडा पाहून हात शिवशिवले नाहीत तरच नवल.

पण इथे चढता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन किलोमीटरहून लांब पसरलेल्या या कड्यात ३४ लेणी कोरलेली आहेत. १९८३ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग म्हणजे एएसआय करतो. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लाइंबिंगचा बोल्ट बसवायचा म्हणजे ड्रिलने कातळाला भोक पाडावं लागतं. वेरूळमध्ये तर कातळ हेच स्मारक आहे! जवळच्या देवगिरी किल्ल्याचे तासलेले कडेही एएसआयच्याच ताब्यात आहेत.

म्हणजे संभाजीनगरच्या क्लाइंबरला दोर घेऊन सह्याद्रीच गाठावी लागते. दगड तोच, लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट. पण तिथे पहिला प्रश्न येतो की हा कडा कुणाचा? हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे वन्यजीव विभागाचा. काही सुळके साध्या वनजमिनीवर आहेत, काही किल्ले राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर काही वाटा कुणाच्या तरी शेतातून जातात. परवानगी प्रत्येकाची वेगळी. एका ग्रुपने कचरा केला किंवा अपघात झाला की वाट सगळ्यांसाठीच बंद होऊ शकते.

दुसरा प्रश्न पैशाचा. सह्याद्रीत चार महिने पाऊस झोडपतो आणि जुने बोल्ट, पिटॉन गंजतात. त्यावर जीव टांगायचा असतो. ते काढून स्टेनलेस स्टीलचे बसवायचं काम सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्हसारखे गट स्वयंसेवकांच्या बळावर करत आले आहेत. सुट्टी टाकायची, ड्रिल आणि बॅटऱ्या पाठीवर घेऊन सुळका चढायचा, वर भोकं पाडत बसायचं. रील्समध्ये हे फारसं दिसत नाही. आपल्याकडे असा खर्च बहुतेक वेळा वर्गणी, देणग्या आणि स्वतःच्या खिशातून निघतो.

अमेरिकेत यासाठी १९९१ पासून ॲक्सेस फंड नावाची संस्था आहे. सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून ती स्थानिक गटांना वाटा बांधायला, बोल्ट बदलायला अनुदान देते. एखादा कडा खासगी जमिनीत असेल तर ती जमीन विकत घ्यायला कर्जही देते. कर्ज फिटलं की तोच पैसा पुढच्या कड्यासाठी वापरला जातो. ब्रिटनमधल्या गिर्यारोहकांच्या संघटनेकडे तर काही कडे मालकीचेच आहेत.

आपल्याकडे कडे विकत घेण्याचा मार्ग फारसा चालणार नाही, कारण बरेचसे कडे सरकारी जमिनीवर आहेत. पण पैशाच्या वाटा आहेत. कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत पर्यावरण, राष्ट्रीय वारसा आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण, तिन्ही येतात. आणि टोकियोपासून स्पोर्ट क्लाइंबिंग ऑलिम्पिकमध्ये आहे. संरक्षित स्मारकांसाठी १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे. त्यात ठरावीक स्मारकाच्या नावाने देणगी देता येते आणि करसवलतही मिळते. वेरूळवर प्रेम असेल तर हा रस्ता सरळ आहे.

मोठा निधी आला की प्रश्न सुटतो का? वेरूळचाच अनुभव बघा. अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पासाठी जपानने १९९२ आणि २००३ मध्ये असं दोनदा कर्ज दिलं. त्यातून लेण्यांचं जतन, झाडं लावणं, पाणी, रस्ते अशी कामं झाली. संभाजीनगर विमानतळाचं कामही त्यातच होतं. दोन्ही ठिकाणी चकाचक पर्यटक केंद्रं उभी राहिली आणि पुढे वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे ती बंद पडल्याच्या बातम्या आल्या. बांधायला कोट्यवधी मिळाले, बिलं भरायला नाहीत.

कातळाचंही तसंच आहे. आज बसवलेला बोल्ट कधीतरी पुन्हा तपासावा, बदलावा लागणारच. त्यामुळे एकरकमी देणगीपेक्षा दरवर्षी येणारा थोडा पैसा जास्त कामाचा. त्याचा नमुना आपल्याकडे आहेच. ट्रेकच्या अनेक ठिकाणी गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती माणशी थोडं शुल्क घेते. पायथ्याच्या गावाला त्यातून उत्पन्न मिळतं, वाटेवर कुणाचं तरी लक्ष राहतं. मला विचाराल तर क्लाइंबिंगच्या कड्यांसाठी सुरुवात इथूनच व्हायला हवी. त्यातला एक हिस्सा बोल्ट आणि बचाव साहित्यासाठी बाजूला ठेवायचा, आणि तो कुणी खर्च करायचा हे वनविभाग, गाव आणि क्लाइंबिंग संस्थांनी आधीच कागदावर ठरवायचं.

तोवर कुठल्याही कड्याच्या नावाने क्यूआर कोड पाठवून वर्गणी मागितली गेली तर स्कॅन करण्याआधी दोन गोष्टी विचारा: जमीन कुणाची आहे, आणि त्यांची लेखी परवानगी आहे का?