स्वरभेद : वटी देण्यापूर्वी दुर्बीण
शिरूर व दौंड तालुक्यांत आवाजावर पोट असणारी माणसे थोडी नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, बाजार समितीत लिलाव पुकारणारे, चौफुल्याच्या कलाकेंद्रांतील गायिका. घसा बसला की प्रथम दुकानातून खदिरादि वटी येते, मग वैद्यांकडे यष्टिमधु सुरू होते. बहुतेकांस उतार पडतो. आमचे निवेदन ज्यांस पडत नाही त्यांच्याविषयी आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात स्वरभेदाचे सहा प्रकार वर्णिले, त्यांत क्षयजही आहे. पण शारीरस्थानातील नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते : कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या या मर्मांस आघात झाल्यास मूकता वा स्वरवैकृत येते. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेलेला रुग्ण समोर आला की या नोंदीचे स्मरण होते. स्वरतंतू हलविणारी डावी नस छातीत उतरून महाधमनीच्या कमानीस वळसा घालून वर परतते. म्हणून फुफ्फुसाचा कर्करोग वा क्षयाच्या गाठी छातीत असताना पहिली तक्रार घशाची असू शकते.

एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला तर आवाज पोकळ, हवा मिसळलेला होतो व पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंचे मध्याशी अडकले तर आवाज जवळजवळ चांगला राहतो, पण श्वास घेताना शीळ वाजते. फसगत होते ती येथेच. अशा रुग्णास त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात धाडावे. पुणे दूर आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

एरवी चार आठवड्यांत आवाज न सुधारल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे. मानेत गाठ, थुंकीत रक्त, तंबाखूचे व्यसन वा मानेची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास तेवढेही थांबू नये. स्वरतंतू हलत नसल्याचे दिसल्यास छातीचीही तपासणी हवीच.

कारण गंभीर नसेल तर नस कित्येकदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप सावरते. त्या काळात आलेल्या गुणाचे श्रेय औषधास देताना हात आखडता घ्यावा. उदानवायूच्या दुष्टीचा विचार करून स्नेहन, घृतपान योजण्यास हरकत नाही. वाचोपचारही सोबत चालू ठेवावेत. मात्र ठसका लागणाऱ्या रुग्णास तैलनस्य वा गंडूष देऊ नये. तेल श्वासमार्गे फुफ्फुसात उतरल्यास तेथे दाह होतो, आणि तो सहजी बरा होत नाही.

औषधी दुकानदार बंधूंस एवढीच विनंती, की तेच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा वटी मागू लागल्यास ‘घसा किती दिवसांपासून बसला आहे?’ असे अवश्य विचारावे.