बोलोन्याला उतरा

फ्लॉरेन्सहून मिलानकडे निघालेली वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत बोलोन्याला पोहोचते आणि जमिनीखालच्या फलाटावर लागते. दोन-चार मिनिटं दारं उघडतात, थोडी माणसं उतरतात, गाडी पुन्हा बोगद्यात शिरते. इटालियन लोक ज्या शहराला ‘ला ग्रासा’, म्हणजे खाऊनपिऊन गुबगुबीत झालेलं, असं लाडाने म्हणतात, त्याच्या अक्षरशः खालून दहा दिवसांत इटली ‘करणारे’ कितीतरी पर्यटक निघून जातात. त्यांचा बेत ठरलेला असतो: रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला एक, मिलानला खरेदी. चर्च आणि चित्रं पाहायला हा बेत वाईट नाही. पण ज्यांना इटलीत मुख्यतः जेवायचं आहे आणि वाइन प्यायची आहे, त्यांनी तो जसाच्या तसा उचलला, तर चारही शहरांत एकच मेन्यूकार्ड पुढ्यात येण्याची शक्यता फार. फोटो छापलेलं आणि सहा भाषांतलं. जेवणाची सहल शहरांच्या यादीवरून आखूच नये, असं माझं मत आहे. एक प्रांत धरावा, एक ऋतू धरावा आणि बाकीची इटली पुढच्या खेपेला ठेवावी.

याचं पहिलं कारण असं, की ‘इटालियन जेवण’ हा शब्द आपण जितक्या सहज वापरतो तितका तो तिथे मुरलेला नाही. देश म्हणून इटली एकत्र आली १८६१ मध्ये. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९१ मध्ये, व्यापारातून निवृत्त झालेल्या पेल्लेग्रिनो आर्तूझी या गृहस्थाने पदरमोड करून पाककृतींचं एक पुस्तक छापलं, आणि वेगवेगळ्या प्रांतांचं रांधप प्रथमच एका बांधणीत घराघरांत पोहोचलं. त्यातही भर एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना या दोन प्रांतांवर. दक्षिणेच्या वाट्याला फार थोडं आलं. यावर कुणी म्हणेल, की डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ज्या युनेस्को बैठकीत आपली दिवाळी वारशाच्या यादीत गेली, त्याच बैठकीत इटालियन पाककलाही गेली, मग ती एक नाही असं कसं म्हणायचं? पण त्या नोंदीच्या नावातच ‘जैवसांस्कृतिक वैविध्य’ हे शब्द आहेत. एकत्र बसून रांधण्या-जेवण्याची रीत देशभर एक असेल. ताटात काय पडतं ते जमीन ठरवते. उत्तरेला पो नदीच्या सपाट, ओलसर खोऱ्यात गायी आणि लोणी, मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालून लाटलेला ताजा पास्ता, आणि व्हेर्चेल्ली-पाव्हियाच्या खाचरांतला भात. दक्षिणेला ऑलिव्हचं तेल, आणि कडक गव्हाच्या रव्यात नुसतं पाणी घालून मळलेला, वाळवून वर्षभर टिकवायचा पास्ता. बोलोन्यात गाय-डुकराच्या मांसाच्या खिम्याचा रागू अंड्याच्या रुंद ताल्यातेल्लेवर घालतात. जगभर ‘स्पॅगेटी बोलोन्येज’ म्हणून जे खपतं, ते मागितलं तर वेटर नम्रपणे गप्प बसेल, इतकंच.

धरायचा कोणता प्रांत, तर पहिल्या खेपेला एमिलिया. इ.स.पू. १८७ मध्ये मार्कुस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलने रिमिनीपासून पियाचेंझापर्यंत जवळपास अडीचशे किलोमीटरचा सरळसोट रस्ता आखला. बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा या रस्त्यावर ओळीने बसली आहेत, रेल्वेही त्याच्या बाजूने धावते, आणि प्रांताला नावही त्याचंच. बोलोन्यात मुक्काम ठेवला की मोदेना अर्ध्या तासावर आणि पार्मा तासाभरावर, तेही साध्या पॅसेंजरने. पण सोय हे दुय्यम कारण. खरं कारण असं, की इथला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर पोसलेला आहे, आणि ही साखळी ताटात दिसत नाही, जागेवरच दिसते. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवतात, वर आलेली साय काढून घेतात. तिचं लोणी होतं. खालचं दूध सकाळच्या ताज्या दुधात मिसळून तांब्याच्या खोल कढईत साकळवतात, आणि कढईच्या तळाशी जमलेला गोळा कापडाने वर उचलून त्याचे दोन भाग करतात. हे पार्मिजानो रेजानो. चाळीसेक किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटर दूध लागतं, मग खाऱ्या पाण्यात जवळपास तीन आठवडे आणि फळीवर किमान बारा महिने. वर्ष झालं की तपासनीस छोट्या हातोडीने चाकावर ठोकत आवाज ऐकतो. आत भेग किंवा पोकळी असेल तर ती त्याला कानानेच कळते. कढईत उरलेली निवळी डुकरांच्या खाद्यात जाते. त्या डुकरांच्या मांड्या पार्माच्या दक्षिणेला लांगिरानोच्या टेकड्यांत नुसत्या मिठावर मुरतात, कोरड्या वाऱ्याकडे तोंड केलेल्या उंच, अरुंद खिडक्यांच्या इमारतींत. पार्माच्या उत्तरेला, पो नदीकाठच्या दमट धुक्यात, त्याच मांडीच्या आतल्या मऊ भागाचा कुलातेल्लो होतो. जनावर एकच, हवा दोन, म्हणून पदार्थ दोन.

मोदेनाच्या बाल्सामिक व्हिनेगरबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण फसगत याच बाटलीत जास्त होते. सुपरमार्केटात स्वस्तात मिळणारं ‘मोदेनाचं बाल्सामिक’ हे वाइनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस यांचं मिश्रण असतं, आणि कायद्याने त्याला साठ दिवसांची मुरवण पुरते. ‘त्रादित्सिओनाले’ म्हणवणारं वेगळं. द्राक्षाचा रस काकवीसारखा आटवायचा आणि उतरत्या आकाराच्या लाकडी पिंपांच्या ओळीत घराच्या माळ्यावर ठेवायचा. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडंसं काढायचं, ते शेजारच्यातून भरायचं, आणि असं मागे मागे जात सर्वांत मोठ्या पिंपात नवा रस ओतायचा. किमान बारा वर्षं, ‘एक्स्त्राव्हेक्यो’ला पंचवीस. माळा अशासाठी, की उन्हाळ्यात तापून रस उडतो आणि हिवाळ्यात गारठून निवळतो. वातानुकूलित गोदामात हे साधत नाही. बाटली शंभर मिलिलिटरची, आणि तिचा आकार मोटारींचे आराखडे काढणाऱ्या ज्योर्जेत्तो ज्युजारो यांचा. (फेरारीच्या मुलखाला शोभेलसंच आहे हे.) तेव्हा मोदेनात एक दुपार अशा माळ्यासाठी राखून ठेवावी, आणि चीजच्या कारखान्यात मात्र सकाळी आठ-नऊलाच हजर व्हावं. कढया दिवसातून एकदाच, सकाळी लागतात. अकरानंतर पोहोचणाऱ्याला धुतलेली फरशी दिसते. दोन्हीकडे आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि याच कारणाने रोज शहर बदलणाऱ्या प्रवाशाला यातलं काहीच जमत नाही.

वाइनचा हिशेबही असाच करावा. एमिलियातली लाम्ब्रुस्को ही लाल, फसफसणारी, आंबटसर वाइन वाइनच्या जाणत्यांमध्ये फार प्रतिष्ठेची नाही. पण चरबीदार मांस, मुरलेलं चीज आणि लोण्यातला पास्ता खाताना जीभ साफ करायला तिच्याइतकं काही चालत नाही. मुंबईत बसून प्यायली तर तिचा मोठेपणा कळणार नाही. ज्यांचा जीव मुख्यतः वाइनमध्ये आहे त्यांनी एमिलिया सोडून वायव्येला पियेमोंतेतल्या लांगे टेकड्या धराव्यात. युनेस्कोने २०१४ मध्ये नोंदवलेल्या या द्राक्षमळ्यांत नेब्बियोलो द्राक्षाची बारोलो होते, आणि नियमाने तिला ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही. म्हणजे २०२५ च्या शरदात तोडलेल्या द्राक्षांची बारोलो २०२९ उजाडल्यावर बाजारात येणार. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. तोडणी बघायला म्हणून लोक सप्टेंबर-ऑक्टोबर गाठतात. पण त्या दिवसांत छोट्या मळ्यांवर मालक, बायको, पोरं सगळी वेलींत किंवा टाक्यांपाशी असतात, पाहुण्याला बसवून चव समजावून सांगायला सवड कुणाला? तोडणीचा उत्साह पाहायचा की निवांत वाइन चाखायची, हे आधी ठरवावं. जागेचं महत्त्व कळायला आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. कियांती वाइनचा कणा असलेलं सांजोवेझे द्राक्ष अकलूजजवळही पिकतं. इटलीतल्या आणि इथल्या भावांनी मिळून काढलेल्या वायनरीचं नावच ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ. महाराष्ट्रात पावसानंतर छाटणी करून द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात, तोस्कानात तीच शरदात. नाव एकच असलं तरी वाइन वेगळी लागते, आणि ते तपासायला सोलापूर जिल्ह्यातली ती बाटली निघण्यापूर्वी चाखून जाणं सर्वांत स्वस्त पडतं.

ऋतूबद्दल सांगायचं तर ऑगस्ट टाळावा. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’च्या आगेमागे शहरातली चांगली घरगुती खाणावळ कुलूप लावून समुद्रावर गेलेली असते, आणि उघडी राहतात ती पर्यटकांवर चालणारी दुकानं. नेमकी आपली शाळांची सुट्टी मे महिन्यात येते, ते एका परीने बरं. तेव्हा शतावरीचे कोंब आणि कोवळ्या भाज्या असतात. पार्मात २३ जूनच्या रात्री, सेंट जॉनच्या सणाआधी, पालकसदृश पाला आणि रिकोत्ता भरलेल्या तोर्तेल्लींची पंगत उघड्यावर बसते. आल्बा गावचा पांढरा ट्रफल मात्र मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरचा. आपल्याकडे मे महिन्यात हुरडा मागणाऱ्याला जे उत्तर मिळतं तेच जूनमध्ये पांढरा ट्रफल मागणाऱ्याला द्यायला हवं. पण तिथले काही हॉटेलवाले ‘ट्रफल तेल’ शिंपडून वेळ मारून नेतात, आणि त्या तेलातला वास बहुधा प्रयोगशाळेतला असतो.

आता आक्षेप. सर्वांत रास्त आक्षेप पैशांचा आहे: व्हिसा, विमान, विमा इतका खर्च करून गेल्यावर कलोसियम न बघता परत यायचं? न बघता येऊ नका. बोलोन्याहून फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत, व्हेनिस दीड तासाच्या आसपास. सकाळी जाऊन रात्री जेवायला परत येता येतं. विमान रोमचं घेतलं तर शेवटच्या दोन रात्री रोमला ठेवाव्यात. रोमही खाण्याच्या दृष्टीने एक प्रांतच आहे, तिथे पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं मांस यांवर उभ्या असलेल्या पास्त्यांपलीकडे पाहू नये. उलट मुक्कामाची गावं कमी झाली की व्हिसाच्या अर्जाला जोडायची हॉटेलांची यादीही आटोपशीर होते. दुसरा आक्षेप खुद्द पार्मा विद्यापीठातून आलेला आहे. तिथे शिकवणारे खाद्येतिहासकार अल्बेर्तो ग्रांदी सांगतात, की ज्यांना आपण पिढीजात समजतो त्यातले बरेच इटालियन पदार्थ विसाव्या शतकातले आहेत. कार्बोनाराची नोंद दुसऱ्या महायुद्धानंतरची, तिरामिसू त्याहून तरुण. त्यांचं म्हणणं पुष्कळ अंशी मान्य करावं लागतं. पार्मिजानो उत्पादकांचा संघदेखील १९३४ चा. पण एक प्रांत धरा या म्हणण्याला त्याने धक्का बसत नाही, कारण ते पुरातनतेवर टेकलेलं नाही. धुकं, गायी आणि माळ्यावरचा उन्हाळा यांना वंशावळ लागत नाही.

शेतावर राहायचं असेल तर ‘आग्रितुरिझ्मो’ हा शब्द नीट समजून घ्यावा. इटलीत १९८५ पासून त्याला कायदा आहे: मालक खरोखर शेती करणारा हवा, आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहायला हवा. आपल्या राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आणलं, तेव्हा ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. अडचण एकच, अशा शेतांवर बहुधा बस जात नाही. मोटार घ्यावी तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, आणि जुन्या शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय शिरलेल्या गाडीचा कॅमेरा फोटो काढतो; दंड महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येतो. एमिलियात रेल्वे वापरावी, लांगेत दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवावी, आणि चाखलेली वाइन थुंकायला ठेवलेल्या भांड्याची लाज बाळगू नये.

राहता राहिले शाकाहारी, आणि त्यांच्याशी सरळ बोलायला हवं. एमिलिया त्यांच्यासाठी नाही. पार्मिजानो साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरणं नियमानेच बंधनकारक आहे, तोर्तेल्लिनी हा पास्ता ज्यात येतो ते पाणी मांसाचं असतं, रोमान्यातली भाकरीसारखी दिसणारी पियादिना परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात. म्हणून प्रांत बदलावा, पद्धत तीच ठेवावी. नकाशात बुटाची टाच असलेल्या पुल्यात गरिबीने स्वयंपाक घडवला आणि गरिबीत मांस क्वचितच मिळे. सुक्या बाकल्याचं मऊ पिठलं आणि त्यावर तेलात परतलेला कडसर चिकोरीचा पाला, आल्तामुराचा कडक गव्हाचा पाव, टोमॅटो-ऑलिव्हचा फोकाच्या, सोबत प्रिमितिव्हो वाइन. बुर्राता हे चीज मात्र रेनेटची चौकशी करूनच घ्यावं. जुन्या बारी शहराच्या गल्लीत बायका दारात पाट मांडून बोटाने ओरेक्किएत्ते पास्ता वळत बसलेल्या असतात. तो सलगमाच्या कोवळ्या पाल्याबरोबर खातात, आणि त्यात खारवलेली अँचोव्ही मासळी न सांगता विरघळवलेली असते. ‘सेन्त्सा आच्चूगे’, अँचोव्हीशिवाय, हे दोन शब्द ऑर्डर देतानाच म्हणावेत. ताट आल्यावर उपयोग नसतो.