गोल्ड स्टार विकणे आहे

राहुरी फॅक्टरीकडून देवळाली प्रवरात शिरताना बुलेटचा आवाज ऐकून कुणी मान वळवत नाही. उसाच्या पट्ट्यात बुलेट घरचीच झाली आहे. तिचे मूळ इंग्लंडमधल्या रेडिचचे. १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीशी करार झाला, आणि पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडल्यावरही बुलेट इथे बनतच राहिली. म्हणून तिचा वॉशर तालुक्याच्या गावी मिळतो आणि तिचे इंजिन खोलणारा मिस्त्री प्रत्येक बाजारपेठेत भेटतो. ‘दुर्मीळ ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारसायकल, पूर्ण रिस्टोअर केलेली, विकणे आहे’ ही जाहिरात मात्र वेगळ्या जातीच्या गाडीची असते. तिचा एकेक नट शोधावा लागतो आणि तिची किंमत ज्या गोष्टींवर ठरते त्या रंगाखाली दडलेल्या असतात.

ब्रिटिश फटफट्या आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः लष्कराबरोबर. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने एम-२० या एकाच मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनवल्या. नॉर्टन, मॅचलेस, एरियल यांच्याही गाड्या फौजेत होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी लिलावात निघून नागरी हातांत गेल्या. ‘आजोबांची बीएसए’ म्हणून आज जी गाडी अभिमानाने दाखवली जाते ती बहुतेकदा याच कुळातली असते. ५०० सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती. चिखलातून, वाळूतून न थांबता जायचे हे तिचे काम. तिचे मोल कमी नाही, पण ती स्पोर्ट्स गाडी नव्हे. त्याच कारखान्यातून निघालेल्या गोल्ड स्टारमध्ये आणि तिच्यात टाकीवरचे नाव सोडले तर फार थोडे समान आहे.

गोल्ड स्टारची कथा ३० जून १९३७ रोजी सुरू होते. लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर वॉल हँडली या शर्यतपटूने बीएसएच्या एम्पायर स्टारवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. तिथे असा वेग गाठणाऱ्याच्या कोटावर सोन्याचा तारा लावण्याची प्रथा होती. पुढच्याच वर्षी कंपनीने त्या ताऱ्याचे नाव नव्या मॉडेलला दिले. या गाडीला सुरुवातीपासूनच ॲल्युमिनियमचे हेड आणि बॅरल होते. आइल ऑफ मॅन बेटावरच्या क्लबमन शर्यतीत १९४९ पासून १९५६ पर्यंत कनिष्ठ गट दरवर्षी गोल्ड स्टारनेच जिंकला. १९५६ मध्ये तर बर्नार्ड कॉड यांनी कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन्ही गट तिच्यावरच मारले. ही शर्यत बाजारात मिळणाऱ्या गाड्यांची होती, हे विशेष. शोरूममधून घेतलेली गाडी शनिवारी कामावर न्यायची आणि रविवारी शर्यतीत पळवायची, ही त्या काळच्या इंग्लंडमधल्या तरुणांची हौस गोल्ड स्टारने पुरी केली.

तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे १९५६ पासूनचे डीबीडी-३४. ४९९ सीसी, एकच सिलिंडर, सुमारे ४० अश्वशक्ती आणि ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास वेग. प्रत्येक इंजिन कारखान्यात चाचणीयंत्रावर चालवून बघत आणि त्याच्या ताकदीची नोंद असलेला कागद गिऱ्हाइकाच्या हाती देत. हा वेग मिळतो कसा, हे समजले की गाडीचा स्वभावही समजतो. कार्बोरेटरचे तोंड दीड इंच रुंद. त्यातून भरपूर हवा आत जाते, पण शर्यतीसाठीच्या अमल जीपी कार्बोरेटरमध्ये गाडी जागेवर संथ चालत ठेवण्याची सोयच नाही. थ्रॉटल सोडला की इंजिन बंद. शर्यतीचा गिअरबॉक्स असेल तर पहिलाच गिअर ताशी ९० किलोमीटरच्या पुढे नेतो, म्हणजे हळू जाताना क्लच अर्धा दाबूनच ठेवावा लागतो. शनिवारच्या शिंगणापूरच्या गर्दीतून ही गाडी काढायची तर क्लच जळण्याचीच तयारी हवी. मोकळ्या रस्त्यावर, इंजिन चार हजार फेऱ्यांच्या वर गेले की मात्र ती ज्यासाठी जन्मली ते दाखवते. त्या क्षणासाठी माणसे आयुष्यभर या गाडीच्या मागे लागतात, आणि त्यात काही वावगे नाही.

भारतात गोल्ड स्टार इतकी कमी का, याचे उत्तर तारखांत आहे. डीबीडी-३४ बनली १९५६ ते १९६३ या काळात. नेमक्या त्याच वर्षांत परकीय चलन वाचवण्यासाठी आपण आयातीची दारे लावून घेत होतो; मद्रासला एन्फिल्ड आणि म्हैसूरला आयडियल जावा उभ्या राहिल्या त्या याच धोरणातून.

पुढे बीएसए स्वतःच बुडाली. १९५० च्या दशकात जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी म्हणवणारा हा १८६१ चा बंदुकांचा कारखाना १९७३ पर्यंत संपला. तिच्या छत्राखालच्या ट्रायम्फच्या मेरिडन इथल्या कामगारांनी कारखाना बंद होऊ नये म्हणून आतच ठाण मांडले आणि १९७५ पासून १९८३ पर्यंत तो सहकारी तत्त्वावर चालवला. ज्या जिल्ह्याने विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहताना पाहिला, त्या जिल्ह्याच्या वाचकाला मेरिडनच्या त्या आठ वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको. काळाचा फेरा असा की बीएसएचे नाव २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहातल्या क्लासिक लेजंड्सने घेतले, १५ ऑगस्ट २०२४ रोजी नवी ६५० सीसीची गोल्ड स्टार भारतात आली, आणि ट्रायम्फची स्पीड ४०० पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. नव्या गाड्या चांगल्या आहेत. पण त्यांच्यामुळे जुन्या नावाची मागणी वाढते, आणि मागणी वाढली की खोटेपणाही वाढतो.

खोटेपणा सोपा आहे, कारण बीएसएने त्याच काळात बी-३१ आणि बी-३३ या साध्या गाड्याही बनवल्या. त्यांची चासी दिसायला तीच. अशा गाडीला क्रोमची टाकी, आखूड हँडल आणि मोठा कार्बोरेटर लावला की लांबून गोल्ड स्टार तयार. ओळखायचे कसे? खऱ्या डीबीडी-३४ च्या इंजिनावर ‘डीबीडी ३४ जीएस’ आणि चासीवर ‘सीबी ३२’ अशी अक्षरे ठोकलेली असतात. त्याहून पक्की खूण म्हणजे चासीची खालची उजवी नळी. गोल्ड स्टारचा मोठा ऑइल पंप बसावा म्हणून ती एका जागी वाकवलेली आहे. साध्या बी-३३ ची नळी सरळ जाते. अक्षरे पुन्हा ठोकता येतात, तो बाक मात्र सहजी आणता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन नंबर आणि चासी नंबर सारखे असले तरच गाडी अस्सल, असे अनेकजण ठामपणे सांगतात. गोल्ड स्टारच्या बाबतीत हे चूक आहे. कारखान्यातून निघतानाच तिचे दोन नंबर वेगळे असत. कोणते इंजिन कोणत्या चासीत बसवून पाठवले, हे कारखान्याच्या वह्यांत लिहिलेले आहे. ब्रिटनमधला व्हिंटेज मोटर सायकल क्लब अशा वह्या सांभाळतो आणि त्यावरून दाखला देतो. विक्रेत्याकडे तो दाखला असेल तर अर्धे बोलणे तिथेच संपते.

आता ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ या शब्दांकडे. ताजा रंग, झगझगीत क्रोम, घासूनपुसून आरशासारखे केलेले इंजिनाचे झाकण, एवढ्यावर हा शब्द वापरला जातो. खरे काम आत असते. क्रँकची रोलर बेअरिंग, व्हॉल्व्हच्या सीट, मॅग्नेटोची नव्याने गुंडाळलेली कॉइल, गिअरचे दात. या गाड्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थ आणि ब्रिटिश सायकल आट्यांचे. त्यांना आजचे मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत आणि घाईत कोपरे झिजतात. झिजलेले बोल्ट दिसले की समजावे, गाडी चुकीच्या हातांतून गेली आहे. उलट, विहिरीवरची जुनी लिस्टर पद्धतीची डिझेल इंजिने खोलून हात तयार झालेल्या मिस्त्रीला हे आटे परके वाटत नाहीत. राहुरी, श्रीरामपूर, नगरच्या लेथवर बसणारे टर्नर बुश बनवून देतात, सिलिंडर बोअर करतात. इंग्लंडहून मागवलेला पिस्टन आणि नगरच्या लेथवर निघालेला बुश एकाच इंजिनात नांदू शकतात, आणि असे काम करणाऱ्या कारागिराचे नाव बिलावर मालकाच्या नावाइतकेच ठळक असायला हवे.

ऊसवाल्या गावाने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आपल्याच उसापासून बनणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, पण साठ वर्षांच्या गाडीला ते सोसत नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. टाकी आतून गंजते, जुने रबर फुगते, कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी बुरशी धरते. फायबरची टाकी असेल तर तिचा राळेचा थरही मऊ पडतो. रबरी नळ्या आणि सील बदलले आहेत का, टाकीला आतून कोणता लेप दिला आहे, हे विचारलेच पाहिजे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

कायदाही मूळ रूपाच्या बाजूने आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी व्हिंटेज ठरते. नव्याने नोंदणी केल्यास राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असा क्रमांक मिळतो आणि शुल्क २० हजार रुपये. जुनी नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढायची असते. गोल्ड स्टारच्या नावाखाली सजवलेली बी-३३ विकत घेणारा म्हणूनच दोनदा फसतो: एकदा पैशांत आणि एकदा परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर.

पाहायला जाताना आरसी बुकातला नंबर कागदावर उतरवून न्यावा आणि इंजिनावरची, चासीवरची अक्षरे पेन्सिलने घासून त्यांचा छाप घ्यावा. काम चालू असतानाचे फोटो मागावेत; उघड्या, रंग न दिलेल्या चासीचा फोटो सर्वांत महत्त्वाचा. आणि विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड गोल्ड स्टार किती किकमध्ये सुरू होते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का आणि तो दोन मिनिटांनी थांबतो का, हे गार इंजिनावरच कळते.